पुरातील नावेचे इंजिन तापू लागल्यास

कोरेगाव भागातील ज्या शेतकऱ्यांनी विहिरीवर तेलाचे इंजिन चालविले आहे, त्यांना इंजिन तापणे म्हणजे काय हे नव्याने सांगावयास नको. पिपातील पाणी आटले किंवा नळीत कचरा अडकला, की सिलिंडर तापतो, आवाज जड होतो आणि अखेर दट्ट्या धरून बसतो. विहिरीवर असे झाल्यास पिकाची एक पाळी चुकते. पुराच्या प्रवाहात मात्र नावेतील माणसांच्या जिवावर बेतते.

वसना व तिळगंगा यांचे पाणी अखेर कृष्णेसच जाते. पुढे कराडला कोयना व सांगलीजवळ वारणा तिला मिळते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते; ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे पाणी सुमारे ५७ फुटांवर चढले होते. त्याच महिन्याच्या ८ तारखेस पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून प्राणहानी झाली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. ज्या गावी यांत्रिक नाव आहे तेथील कार्यकर्त्यांनी, तसेच मदतीस जाणाऱ्या वरच्या अंगाच्या गावांतील तरुणांनी, तिच्या इंजिनाची प्रकृती ओळखून असावे.

नावेच्या मागील फळीस अडकविलेल्या या इंजिनाला पीप नसते. नदी हेच त्याचे पीप. पाण्यात बुडालेल्या पायाला जाळीची भोके असतात. त्यांतून आतील छोटा पंप पाणी ओढतो, ते सिलिंडरभोवती फिरवितो व बाहेर सोडतो. त्यातील थोडे पाणी इंजिनाच्या मागील अंगास बारीक धारेने बाहेर पडताना दिसते. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी होय. इंजिन सुरू होताच ती पाहावी आणि नाव चालू असता दर दोन-चार मिनिटांनी मागे वळून पुन्हा पाहावी. पुष्कळ इंजिनांत तापल्याची सूचना देणारा भोंगा असतो. परंतु पावसाच्या व माणसांच्या गलक्यात तो ऐकू येईलच असे नाही.

धार मंदावली, तिच्यातून वाफ आली किंवा ती बंद पडली, तर वेग ताबडतोब कमी करावा. मात्र भर धारेत इंजिन एकाएकी बंद करून नाव प्रवाहाच्या स्वाधीन करू नये. प्रथम मंद गतीने संथ पाण्याकडे वळावे, झाड किंवा खांब गाठून दोर बांधावा अथवा नांगर टाकावा आणि मग इंजिन थांबवावे. याचसाठी दोन वल्ही, नांगर व लांब दोर यांवाचून नाव कधीही सोडू नये. संथ पाणी जवळ नसेल तर वल्ही हाती घेऊनच इंजिन बंद करावे. धरून बसलेले इंजिन त्या फेरीत पुन्हा चालू होईल अशी आशा बाळगू नये.

पुरात बहुधा दोष जाळीतच असतो. वाहून आलेले उसाचे पाचट, जलपर्णी व प्लॅस्टिकच्या पिशव्या पायाला गुंडाळून बसतात. इंजिन बंद करून त्याची सुरक्षा-दोरी काढावी, मगच पाय वर उचलून हाताने कचरा सोडवावा. हात पोहोचत नसेल तर इंजिन मंद असताना क्षणभर उलट गतीत घालून पाहावे. कधी कधी कचरा तेवढ्यानेच सुटतो. माणसे नावेच्या तोंडाकडे दाटली की मागची बाजू उचलली जाते व जाळी पाण्याबाहेर येऊन पंप हवा ओढतो. येथे दुरुस्ती लागत नाही, माणसे नीट बसविली की पुरे.

जाळी स्वच्छ असूनही धार नसेल तर तिच्या तोंडात बारीक तार घालून पाहावी. तेथे गाळ साचतो. तरीही धार न आल्यास पंपातील रबरी चकती, जिला कारागीर इंपेलर म्हणतात, ती झिजली असे समजावे. हे काम काठावरचे. धार जोरकस असून इंजिन तापते, तेव्हा थर्मोस्टॅट, पेट्रोलमधील तेलाचे प्रमाण व पंख्यास गुंडाळलेली दोरी तपासावी. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतण्याचा मोह मात्र आवरावा. विहिरीवरच्या इंजिनाचा सिलिंडर जसा त्याने तडकतो, तसाच हाही तडकेल.

इंपेलरचा नाश पुष्कळदा पुरात होत नाही, तर ग्रामपंचायतीच्या अंगणात होतो. ‘चालते की नाही पाहू’ म्हणून इंजिन कोरडेच सुरू केले जाते आणि पाण्यावाचून रबर काही क्षणांतच करपते. चाचणी नेहमी मोकळ्या हवेत, जाळी पूर्ण बुडेल एवढे पाणी भरलेल्या पिपात, पंखा काढून व गिअर न टाकता घ्यावी. पुरातून परत आल्यावरही याच रीतीने स्वच्छ पाण्यावर इंजिन दहा मिनिटे मंद चालवावे, म्हणजे आतील गाळ निघून जातो.

मृगापूर्वी पंप उघडून इंपेलर पाहावा. पाती कडक, चिरलेली किंवा एकाच बाजूस कायमची वाकलेली असल्यास तो बदलावा. एखादे पाते तुटलेले आढळले तर नवा बसविण्याआधी तो तुकडा शोधून काढावा, नाहीतर तो पाण्याच्या वाटेत अडकून नवा इंपेलर असूनही इंजिन तापते. एक जादा इंपेलर, जाळीपुरती तार व पाना तेलकट फडक्यात न गुंडाळता कोरड्या डब्यात घालून नावेतच ठेवावा. तेलाने रबर फुगते.