मेयोची बाटली आणि घरचा चक्का

मेयोची बाटली आता बऱ्याच घरांत फ्रिजच्या दारात उलटी उभी असते. उलटी, कारण ती संपत आलेली असते आणि तळाशी राहिलेलं एवढंसं मेयोही मुलांना सोडायचं नसतं. सँडविचमध्ये मेयो, पोळीच्या रोलमध्ये मेयो, मोमोबरोबर, कटलेटबरोबर, आणि काही घरांत तर नुसतं बोटावर घेऊनसुद्धा.

ही बाटली मुलांच्या हट्टामुळे आली असं आपण म्हणतो. पण आपल्यालाही ती हवीच होती, नाही का? सकाळी घाईत डबा भरताना पोळीवर मेयोच्या दोन रेघा ओढल्या की डबा रिकामा परत येणार, याची खात्री वाटते. दिवसभर कामात असताना ‘आज खाल्लं असेल का गं त्याने’ हा घोर थोडा कमी होतो. दमलेल्या आईबाबांना एवढा दिलासा पुष्कळ असतो आणि तो घ्यावासा वाटला, तर त्यात वाईट काही नाही.

मग एखाद्या रविवारी आपल्याच मनात काहीतरी टोचायला लागतं. वाणसामानाची यादी करताना लक्षात येतं, अरे, ही बाटली गेल्याच आठवड्यात आणली होती! आणि त्या टोचणीचा सगळा भार मुलावर पडतो. ‘पुरे झालं आता ते मेयो!’, ‘असलं काय खातोस रे सारखं?’ तेवढ्यात आजीही ‘आमच्या वेळी लोण्याचा गोळा असायचा’ म्हणून दुजोरा देतात. मूल गप्प होतं. काल याच पदार्थाने डबा संपवला म्हणून शाबासकी मिळाली होती आणि आज त्याच्यावरूनच बोलणी बसतात. हा हिशेब त्याने कसा लावायचा?

माझी लेक एकदा म्हणाली होती, ‘मला जे आवडतं ते सगळं वाईटच कसं असतं गं आई?’ हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपण बोलतो पदार्थाबद्दल, पण मुलांना ते स्वतःबद्दल वाटतं.

आणि त्यांना ते आवडण्यात नवल तरी काय? तेलाचा स्निग्धपणा, किंचित आंबट, किंचित गोड, वर मीठ, आणि जिभेवर कुठेही न अडणारा मऊपणा. कोणाही लहान मुलाची जीभ याला भुलेल. शिवाय मधल्या सुट्टीत चार डबे मध्ये ठेवून खाताना आपल्या डब्यातही ‘ते’ असावं, असं मुलाला वाटतं. ती गोष्ट चवीइतकीच मोठी आहे. कोणाच्या तरी डब्यातलं मागावं लागू नये, उलट आपल्या डब्यातलं कोणीतरी मागावं, ही भावना आपल्यालाही आठवत असेल.

तर बंदी घालण्याआधी एक करा. मुलं झोपल्यावर ती बाटली हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे घटकांची नावं प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात, म्हणजे जे जास्त ते आधी. बिनअंड्याच्या मेयोत बहुधा खाद्यतेल आणि पाणी सुरुवातीला असतं, मग साखर, दुधाची पावडर, मीठ. पुढे काही आकडे येतात. 415 म्हणजे झॅन्थन गम, ज्यामुळे मिश्रण घट्ट राहतं आणि फुटत नाही. 202 आणि 211 ही टिकण्यासाठी घातलेली द्रव्यं. ही सगळी परवानगी असलेली द्रव्यं आहेत, त्यांना विष म्हणून मुलाला घाबरवायची गरज नाही. काळजी करायची ती पहिल्या नावांची, म्हणजे तेलाची, आणि त्यामागून येणाऱ्या साखर-मिठाची. कारण वेष्टणावर चमचाभराचं माप दिलेलं असतं आणि मुलांच्या हातून बाटली दाबली जाते तेव्हा चमचा कोण मोजतो?

बंदीने काम होत नाही, हे घरात आपण रोज बघतोच. अमेरिकेतल्या जेनिफर फिशर आणि लीअन बर्च यांनी 1999 मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. एक खाऊ मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवला, पण त्याला हात लावायची मुभा दिली नाही. झालं असं, की मुलं त्याच खाऊबद्दल जास्त बोलू लागली, तोच मागू लागली. फ्रिजच्या दारातली ‘फक्त रविवारी’ची बाटली मुलाच्या मनात दिवसभर का घोळत असते, ते यावरून समजतं.

म्हणून मला घरी करून बघण्याचा मार्ग आवडतो. पण इथे एक मोह होतो, त्याबद्दल मनापासून सांगते. जुन्या बाटलीत गुपचूप घरचं मिश्रण भरून ठेवायचं आणि मुलाला कळू द्यायचं नाही, असं सुचवणारे खूप भेटतात. कृपा करून हे करू नका. मुलांची जीभ आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते, पहिल्या घासाला कळतं. आणि मग प्रश्न मेयोचा राहत नाही. ‘आई मला फसवून खायला घालते’ ही शंका एकदा बसली की पुढे पराठ्यातही मूल दुधी शोधत बसतं.

त्यापेक्षा उघड सांगावं, ‘बाटलीसारखं हुबेहूब होणार नाही, पण आपलं एक करून बघू या का?’

आपल्या मराठी घरांना यासाठी फार लांब जावं लागत नाही. श्रीखंडासाठी चक्का आपण करतोच, नाहीतर दसऱ्या-पाडव्याला डेअरीतून आणतो. तोच चक्का साखर-वेलचीकडे न नेता मीठ-मोहरीकडे न्यायचा.

सायीच्या दुधाचं, आंबट न झालेलं अर्धा किलो दही घ्या. पातळ सुती कापडात, घरात जुना मऊ पंचा असेल तर त्यात, बांधून चाळणीत ठेवा. खाली पातेलं ठेवा आणि सगळं फ्रिजमध्ये सरकवा. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत बाहेर टांगलं तर सकाळपर्यंत आंबट होतं आणि मुलं पहिल्याच चवीला तोंड फिरवतात. रात्रभरात दोनशे ते अडीचशे ग्रॅम चक्का मिळतो. खाली जमलेलं पाणी टाकू नका, त्यात कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात.

आता वाटीभर चक्क्याला दोन चमचे वास नसलेलं तेल, सूर्यफुलाचं चालेल. अर्धा चमचा फेसलेली मोहरी. भरताला आणि लोणच्याला आपण जशी फेसतो तशीच, फक्त थोडी. बाटलीतल्या मेयोत तो जो नाकाला हलकासा झिणझिणीतपणा जाणवतो, तो बहुतेक मोहरीचाच असतो, आणि घरच्या मिश्रणात तो आला नाही तर मुलं ‘हे तर दही आहे’ म्हणतात. लहानसा चमचा साखर, चवीपुरतं मीठ, लिंबाचे काही थेंब, मिरपूड. लसूण घालायचा तर एक पाकळी तव्यावर भाजून ठेचून घाला, कच्चा लसूण लहान मुलांना फार उग्र लागतो.

हे मिक्सरमध्ये फिरवू नका. फिरवलं की चक्का सैल होतो आणि डिपचं ताक व्हायला लागतं. चक्का आधी बारीक चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढा आणि मग बाकीचं हाताने फेटा. आणखी गुळगुळीत हवं असेल तर पाच-सहा काजू कोमट पाण्यात भिजवून अगदी बारीक वाटून मिसळा. मात्र डबा वाटून खाणाऱ्या मुलांपैकी कोणाला काजूची अ‍ॅलर्जी असेल तर काजू नकोच.

दुसऱ्या दिवशी वर थोडं पाणी सुटेल, कारण यात 415 नाही. ढवळलं की झालं. काकडी किसून घालायची असेल तर ऐन वेळी, घट्ट पिळून. स्वच्छ कोरड्या बरणीत, फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवायचं.

कोणी म्हणेल, खरं मेयो घरी करता येत नाही का? येतं. पाव वाटी गार दूध आणि अर्धी वाटी तेल उभ्या भांड्यात घेऊन, थोडी मोहरीपूड घालून हँड ब्लेंडरने फिरवलं की दुधातली प्रथिनं तेलाच्या बारीक थेंबांना धरून ठेवतात आणि मिश्रण घट्ट होतं. मग लिंबू, मीठ. चव बाटलीच्या अगदी जवळ जाते. पण त्यात दोन भाग तेल आहे, हे आपल्याच डोळ्यांसमोर ओतलेलं असतं. ‘घरचं’ म्हणून ते हलकं होत नाही. सणावाराला, पाहुण्यांना करा, रोजच्यासाठी माझं मत चक्क्याच्याच बाजूने आहे.

अंड्याच्या मेयोबद्दल मात्र ठाम सांगते. कच्चं अंडं घालून मुलांसाठी घरी मेयो करू नका. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलासारखे जिवाणू पोटात जाऊ शकतात आणि लहान मुलांना त्याचा त्रास जास्त होतो. कच्च्या अंड्याच्या मेयोवर केरळने जानेवारी 2023 मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये बंदी घातली. बाहेरच्या गाडीवर मुलाने मोमोबरोबर मेयो मागितलं, तर ते कशाचं आहे आणि किती वेळ उघडं आहे, हे विचारायला लाजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलांचा हात. फेटायचं काम त्यांना द्या. मीठ किती, लिंबू किती, हे त्यांना चाखून ठरवू द्या. चमचे भरतील, ओटा बरबटेल, आणि आपली नजर घड्याळाकडे जाईल. म्हणून हे कामाच्या दिवशी सकाळी नको. सुट्टीच्या दिवशी, जेवणाची घाई नसताना करा. आपल्या हाताने लिंबू पिळलेल्या गोष्टीला मूल सहसा ‘शी’ म्हणत नाही. आणि म्हणालं तरी ते आता पदार्थ करणाऱ्याच्या नात्याने बोलत असतं, ‘पुढच्या वेळी साखर जास्त घालू’ असं. हे बोलणं ऐकून घ्या. घालू द्या थोडी जास्त. दोन-चार खेपांनंतर कमी करता येते आणि तेही त्याला सांगूनच.

पहिल्याच दिवशी मान्यता मिळेल अशी आशा धरू नका. नवी चव मुलांच्या अंगवळणी पडायला ती पुन्हा पुन्हा, थोडी थोडी, जबरदस्तीशिवाय समोर यावी लागते. ‘बघ, किती पौष्टिक आहे’ हे वाक्य तर जेवणाच्या टेबलावर आणूच नका. पौष्टिक म्हटलं की मुलं सावध होतात. नुसतं गाजराचे लांब तुकडे, थालीपिठाचे त्रिकोण किंवा कालच्या भाकरीचे तव्यावर कडक केलेले तुकडे बाजूला ठेवा आणि तुम्ही स्वतः खायला लागा.

डब्याचं म्हणाल तर पावसाळ्या-हिवाळ्यात, लहान सुट्टीत खाणार असेल तर गार केलेल्या छोट्या डबीत द्यायला हरकत नाही. उन्हाळ्यात दह्याचं काही डब्यात नको. ते शाळेतून आल्यावर, पाचच्या भुकेला. खरं तर या डिपची योग्य वेळ तीच. घरी येऊन दप्तर टाकल्यावर मूल जे मागतं, ते खाणं असतंच, पण कोणीतरी शेजारी बसावं हेही असतं. ऑफिसमुळे आपण त्या वेळी घरी नसलो, तर आजी किंवा सांभाळणाऱ्या मावशींना बरणी कुठे आहे ते सांगून ठेवा.

आणि ज्या आठवड्यात परीक्षा आहे, कोणी आजारी आहे, कामाचा डोंगर आहे, त्या आठवड्यात बाटली आणा. मनाला लावून घेऊ नका. फक्त बाटली पानावर दाबण्याऐवजी वाटीत चमच्याने काढून द्या आणि वाटी सगळ्यांच्या मध्ये ठेवा. प्रमाण आपोआप आटोक्यात राहतं, ओरडावं लागत नाही. वाढदिवसाला मित्राकडे मुलाने मेयोचं सँडविच खाल्लं तर घरी आल्यावर चौकशी नको. कसं झालं, कोण कोण आलं होतं, एवढंच विचारा.

येत्या शनिवारी रात्री भांडी आवरताना अर्धा किलो दही बांधून फ्रिजमध्ये ठेवा, आणि रविवारी चव ठरवायचं काम मुलांवर सोपवा. त्यांनी काय काय घालायला सांगितलं, ते दुसऱ्या पालकांनाही जरूर सांगा.