नाताळची पिशवी पंधरा तारखेच्या आत

अलिबागहून रेवदंड्यामार्गे साळावचा पूल ओलांडला की पुढे कोर्लई लागते. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, पण गावातल्या ख्रिस्ती घरांमध्ये त्यांच्या भाषेपासून घडलेली बोली आजही बोलली जाते. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. आपल्या मराठीतला ‘नाताळ’ही पोर्तुगीजांकडूनच आला. या किनाऱ्यावर हा सण दुकानांच्या काचांमध्ये येण्याच्या कितीतरी आधी स्वयंपाकघरात आला. कोकणात, वसईत, गोव्यात सगळीकडे रीत साधारण एकच: घरी फराळ करायचा, ताटात मांडायचा, वर विणलेला रुमाल टाकायचा आणि शेजारीपाजारी पाठवायचा. शेजारी कोणत्या धर्माचे, हे विचारायचे नाही.

हातात पैसे नसलेल्या घराला नाताळात केक न मिळाल्याचे दुःख फारसे नसते. बोचते ते वेगळेच. चार घरांची ताटे येतात आणि परत पाठवायला आपल्याकडे काही नसते. म्हणून आपण जे हॅम्पर तयार कराल, त्यातून त्या घराला स्वतःची ताटे पाठवता आली पाहिजेत. पुढचा क्रम त्या हिशेबाने लावला आहे.

१. आधी तारीख ठरवा. नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या काळाला आगमनकाळ म्हणतात. त्याच्या शेवटी, १६ ते २४ डिसेंबर, नऊ दिवसांची प्रार्थना म्हणजे नोव्हेना असते, आणि बहुतेक घरांत तळण याच दिवसांत चालते. त्यामुळे सामान १५ तारखेपर्यंत पोहोचले पाहिजे. २४ तारखेच्या संध्याकाळी दिलेल्या मैद्याचा सणाला काही उपयोग नाही. शिवाय २० तारखेनंतर अलिबागमध्ये पर्यटकांची गर्दी सुरू होते, तेव्हा खरेदी त्याआधी उरकलेली बरी.

२. घराची माहिती घ्या, पण चौकशी करू नका. माणसे किती, लहान मुले आहेत का, कोणाला मधुमेह आहे का, एवढे आपल्याला बहुधा ठाऊकच असते. दोन गोष्टी मात्र मुद्दाम पाहा. पहिली, इंधन. सिलिंडर संपत आला असेल तर तळणीचे सामान तसेच पडून राहील. दुसरी, रेशनकार्ड. प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य दरमहा मोफत मिळते. अशा घरी आपण तांदूळ-गहू नेलेत तर ओझे वाहिल्यासारखे होईल. रेशनवर जे मिळत नाही ते न्या: तेल, तूप, डाळ, चहा, नारळ.

कोणाला द्यावे हेच ठरत नसेल तर चर्चच्या फादरांना विचारा. अनेक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील समाजात, सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीची शाखा असते. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे काम घरोघरी जाऊन, गाजावाजा न करता चालते. त्यांच्यामार्फत दिलेत तर आपले नाव कळवण्याचीही गरज उरत नाही.

३. रकमेचे तीन भाग करा. समजा १,५०० रुपये आहेत. साधारण ७०० फराळाच्या सामानाला, ४०० रोजच्या गरजेला आणि ४०० पाकिटात रोख. इंधनाची अडचण असेल तर हा हिशेब मोडा: आधी सिलिंडरचे पैसे बाजूला काढा, उरलेल्यात एकच पदार्थ बसवा. ५०० रुपयेच असतील तर रोजच्या गरजेचा भाग सोडून द्या आणि फक्त करंज्यांचे सामान न्या. थोडे थोडे सगळे देण्यापेक्षा एक पदार्थ पूर्ण होईल एवढे द्यावे. पाव किलो मैदा आणि अर्धा नारळ पाहून करणारीला प्रश्नच पडतो.

४. फराळाचे सामान प्रमाणात भरा. चार-पाच माणसांच्या घरासाठी दोन पदार्थ धरू. एक करंजी, जिला अनेक ख्रिस्ती घरांत नेवरी म्हणतात. दुसरे कलकल: मैदा, अंडे, साखर आणि नारळाचे दूध यांच्या पिठाच्या छोट्या गोळ्या काट्यावर किंवा नव्या, स्वच्छ कंगव्यावर दाबून शंखासारख्या वळायच्या आणि तळायच्या. मुलांना याच कामाला बसवतात, त्यामुळे मुले असलेल्या घरी कलकलचे सामान हमखास द्या.

दोन्हींसाठी मिळून मैदा १ किलो, बारीक रवा अर्धा किलो, साखर दीड किलो, तेल १ लिटर, तूप २०० ग्रॅम, नारळ ३, अंडी ४, थोडी खसखस, वेलची आणि मनुका पुरतात. अर्ध्या किलो मैद्याच्या चाळीसेक करंज्या होतात. घरात दहा-बारा राहिल्या तरी पाच-सहा ताटे निघतात. तेलात काटकसर नको, तळणीचे तेल निम्म्यावर संपले की सगळा बेत फसतो.

राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ दिला, तो आठवून पाहा. १०० रुपयांत रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. तयार लाडू दिले नव्हते. त्या योजनेबद्दल कोणाचे काहीही मत असो, संचाची ही रचना मात्र शहाणपणाची होती.

५. रोजच्या भागात तूरडाळ, चहा, आंघोळीचा आणि कपड्यांचा साबण ठेवा. कडवे वाल मिळाले तर जरूर घाला. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ घालण्याचा मोह होईल. त्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण तो निघतो उन्हाळ्याच्या तोंडावर, डिसेंबरात त्याच्या मागे लागू नका. आणि समुद्राकाठच्या घरी सुकट-बोंबील नेऊ नका, ते त्यांच्याकडे आपल्यापेक्षा चांगले असते.

६. काय वगळायचे, तेही ठरवून ठेवा. सुगंधी मेणबत्त्या, चॉकलेटची महागडी पेटी, काचेच्या बरणीतले परदेशी जॅम: या वस्तू किंमत दाखवतात, उपयोगाला येत नाहीत. वाइन नको. स्वतःच्या घरात नकोशा झालेल्या भेटवस्तू तर नकोतच. पाकिटांवरची ‘वापरण्याची अंतिम तारीख’ एकदा वाचून घ्या. ज्या घरी ओव्हन नाही तिथे केकचे तयार मिश्रण देणारे लोक मी पाहिले आहेत.

७. बांधाबांध खाऱ्या हवेला धरून करा. किनाऱ्यावर साखर ओलावते आणि रव्यात किडे लवकर होतात. रवा कोरडाच भाजून, गार करून भरा. वेताची टोपली आणि चमकणारा कागद यांवर पैसे घालू नका. त्याच पैशांत घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा येतो, आणि फराळ त्यातच राहतो. बाकीचे सामान साध्या कापडी पिशवीत. एक वस्तू मात्र निव्वळ शोभेची असू द्या: दारावर लावायचा कागदी तारा.

८. एकट्या वृद्ध माणसासाठी हा सगळा हिशेब बदलतो. त्यांना कच्चे सामान देणे म्हणजे काम देणे. तिथे मऊ, तयार पदार्थ न्या, कलकल दातांना कठीण जाते. मात्र ताटांचा मुद्दा तिथेही विसरू नका. दोन-तीन ताटांपुरता जास्तीचा फराळ द्या, म्हणजे आजींना शेजारच्या मुलांच्या हातावर काही ठेवता येईल.

९. देताना कमी बोला. संध्याकाळी, दाराशी गर्दी नसताना जा. फोटो काढू नका आणि मुलांच्या हाती पिशवी देऊन निघून येऊ नका. पाकीट पिशवीत दिसेल असे ठेवू नका, डब्याच्या आत ठेवा. काय म्हणावे हा प्रश्न अनेकांना पडतो. “काकू, नाताळचं थोडं सामान आणलंय,” एवढे पुरते.

त्या घरची बाई सुगरण म्हणून ओळखली जात असेल तर आणखी एक मार्ग आहे. दुप्पट सामान न्या आणि म्हणा, “यंदा आमच्याही करंज्या तुम्हीच करून द्याल का?” निम्म्या त्यांच्या, निम्म्या आपल्या. यात घेणाऱ्याला मिंधे वाटत नाही. पण करण्याची मजुरी वेगळी द्या आणि आधी ठरवा, नाहीतर मदतीच्या नावाखाली फुकट काम करून घेतल्यासारखे होईल.

१०. डबा परत मागू नका. नाताळचा काळ ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत मानण्याची जुनी रीत आहे, तेव्हा त्या सुमारास एकदा सहज डोकावून या. त्याआधीच, २५ तारखेला, त्यांच्याकडून आपल्या घरी ताट येण्याची शक्यता आहे. “कशाला एवढं?” म्हणू नका. ताट दोन्ही हातांनी घ्या, त्यांच्यासमोर एक करंजी खा आणि रिकामे ताट परत देताना त्यात चिमूटभर साखर ठेवा.