योगशिक्षकाचा दिवस आणि कणकवलीचा पालक

मराठी घरात 'योग' हा शब्द आसनांच्या आधी पत्रिकेतून येतो, आणि विवाहयोग, प्रवासयोग, धनयोग यांची बोलणी करणाऱ्या वडीलधाऱ्यांसमोर बारावी झालेली मुलगी किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा 'योगशिक्षक व्हायचे आहे' असे म्हणतो, तेव्हा हा योग धनयोगात बसतो की नाही, हीच शंका सर्वांत आधी उभी राहते. शंका रास्त आहे. दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिल्या येणाऱ्या कोकण विभागातील पालकाने मुलांच्या गुणांवर अभियांत्रिकीचे, परिचर्येचे, औषधनिर्माणशास्त्राचे किंवा बँकेच्या परीक्षांचे बेत रचलेले असतात आणि त्यातले काहीच साधले नाही तर मुंबईची वाट असते. कणकवलीत राहून पहाटे लोकांना श्वास घ्यायला शिकवणे हे त्या बेतात कोठेच नसते. यावर जगभर योगाला मागणी आहे, असे उत्तर सहसा दिले जाते. ते खोटे नाही, परंतु जगभरच्या मागणीवर एका घराचा महिना भागत नाही. पालकांना अधिक उपयोगी पडेल ती या व्यवसायातील एका साध्या दिवसाची माहिती, कारण हा दिवस ज्याला रुचतो तोच या कामात टिकतो.

आधी शब्दांची उकल करणे इष्ट, कारण एकाच नावाखाली तीन-चार वेगळी कामे चालतात. निरोगी किंवा साधारण तक्रारी असलेल्या माणसांना आसने, प्राणायाम म्हणजे श्वासाचे नियमन, आणि ध्यान शिकवणारा तो योगशिक्षक. वैद्यकीय निदान झालेल्या रुग्णाला डॉक्टरांच्या उपचारांच्या जोडीने योगाभ्यास देणारा तो योगोपचारक. आणि साडेचार वर्षांचा निसर्गोपचार व योगविज्ञान पदवी अभ्यासक्रम व त्यानंतरची एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयातील सरावाचे वर्ष, पूर्ण करणारा तो निसर्गोपचार पदवीधर. केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने डिसेंबर 2020 मध्ये योगासनांना स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिल्यानंतर योगासन-प्रशिक्षक ही चौथी वाटही स्पष्ट झाली आहे. या लेखाचा विषय पहिला आहे. त्याने दुसऱ्याचे वा तिसऱ्याचे काम अंगावर घेतले की गोंधळ सुरू होतो.

योगशिक्षकाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो आणि त्याचे कारण आध्यात्मिक असण्यापेक्षा व्यावहारिक अधिक आहे. नोकरदार, दुकानदार आणि निवृत्त मंडळी यांना सहा ते सात हीच वेळ मोकळी मिळते, त्याआधी शिक्षकाचा स्वतःचा अभ्यास व्हायला हवा, आणि रिकाम्या पोटी आसने करायची असल्याने आदल्या रात्रीचे जेवणही लवकर उरकावे लागते; म्हणजे मित्रांच्या रात्रीच्या मैफली, लग्नाच्या आदल्या रात्रीची जागरणे आणि जत्रेतला दशावतार यांच्याशी हा व्यवसाय कायम थोडा फटकून राहतो. (कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की वर्गही निम्मा पेंगतो, ही गोष्ट वेगळी; रात्रभर संकासुराच्या करामती पाहून आलेल्या माणसाला शवासन शिकवावे लागत नाही.) वर्ग एखाद्या शाळेच्या सभागृहात, मंगल कार्यालयात किंवा देवळाच्या सभामंडपात भरतो. आरंभी प्रार्थना, मग मान, खांदे, कंबर व गुडघे सैल करणाऱ्या हालचाली, त्यानंतर उभ्याची, बैठकीची, पोटावरची आणि पाठीवरची आसने, पुढे प्राणायाम, ध्यान आणि विश्रांती असा तासाभराचा क्रम असतो, आणि 21 जूनच्या आंतरराष्ट्रीय योगदिनासाठी केंद्र सरकारने ठरवलेला 45 मिनिटांचा सामाईक योगक्रमही ढोबळमानाने याच वळणाचा आहे. या तासात शिक्षकाने स्वतः आसन करून दाखवणे हा कामाचा लहानसा भाग होय. मोठा भाग म्हणजे पाहणे: कोणाचा श्वास अडकला आहे, कोणी जबडा आवळला आहे, कोण शेजाऱ्याशी चढाओढ करीत आहे, आणि कोणाला कालपासून चक्कर येत असूनही लाजेपोटी ते सांगवत नाही. पोटाच्या जलद झटक्यांनी श्वास बाहेर टाकण्याची कपालभाती उच्च रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ किंवा गर्भारपण असलेल्या व्यक्तीला देऊ नये, हे पुस्तकात एका ओळीत संपते. तीस जणांच्या वर्गात तशी व्यक्ती नेमकी कोण, हे नवा माणूस आल्याबरोबर विचारून ठेवण्याची सवय मात्र काही वर्षांनी लागते.

सात-साडेसातला वर्ग सुटला की उकड्या तांदळाची गरम पेज, सोबत लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा. योगशिक्षकाने मासळी सोडलीच पाहिजे अशी समजूत बरीच पसरलेली आहे. पारंपरिक ग्रंथांत मिताहाराचा, म्हणजे मोजक्या व सात्त्विक आहाराचा आग्रह आहे आणि अनेक शिक्षक शाकाहार पाळतात, तथापि ती नोकरीची अट नाही आणि मालवणी आईने या एका कारणासाठी मुलाला अडवण्याचे कारण नाही. दुपारचे काही तास मोकळे मिळतात. ज्यांना ते वाचनात, घरच्या बागेत किंवा दुसऱ्या एखाद्या कामात घालवता येतात त्यांना ते सुख वाटते, आणि ज्यांना ठरलेल्या कचेरीची व ठरलेल्या पगाराची ओढ आहे त्यांना तेच तास खायला उठतात. दुपारी तीन-चारच्या सुमारास गृहिणींचा वर्ग, संध्याकाळी मुलांचा किंवा दुकान बंद करून येणाऱ्यांचा वर्ग, आणि नऊला अंथरूण.

कोकणातील शिक्षकाला कोकणातील शरीरे कळावी लागतात, आणि शहरी अभ्यासक्रमात हे प्रकरण नसते. लावणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकलेल्या बाईला संध्याकाळी पुढे वाकण्याची आसने देणे म्हणजे तिच्या दुखण्यात भर घालणे. तिला पाठीला उलटी कमान देणारे भुजंगासन आणि भिंतीला पाय टेकवून पडणे हवे असते. उकिडवे बसणे तिला कोणी शिकवण्याची गरज नाही, उलट शिक्षकानेच ते तिच्याकडून शिकावे. एसटीचे चालक आठ तास एकाच मुद्रेत बसतात, काजू सोलणाऱ्या बायकांची मान आणि मनगटे आधी कुरकुरतात, आंबा बागायतदार फवारणीपासून पेट्या भरेपर्यंत वर्गाला फिरकतच नाही. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात जूननंतर सतरंज्यांना आणि मॅटना बुरशी धरते, त्या वाळवण्याची सोय, छपराखालची जागा आणि वीज गेल्यावर न थांबणारा आवाज या तीन गोष्टी प्रमाणपत्राइतक्याच उपयोगी पडतात.

आता हिशेब. उदाहरणादाखल दोन तुकड्या, प्रत्येकीत 15 माणसे आणि दरमहा 600 रुपये फी धरली, तर महिन्याला 18,000 रुपये जमतात. जागेचे भाडे 4,000 रुपये वजा केले की 14,000 उरतात. पावसाळ्यात उपस्थिती निम्म्यावर आली तर जमा 9,000 आणि हातात 5,000. आणि गणपतीच्या दिवसांत, चाकरमानी घरी आलेले असताना, वर्ग भरवण्याचा आग्रह कोणी धरू नये. अर्थात ही केवळ आकडेमोड आहे, प्रत्येक गावात ती वेगळी ठरेल. तिच्यातून एवढेच दिसते की केवळ एका वर्गावर घर चालत नाही. म्हणून या व्यवसायातील बहुतेकांची मिळकत तुकड्यातुकड्यांनी जोडलेली असते: शाळेतील अर्धवेळ काम, आयुष्मान आरोग्य मंदिरांसारख्या सरकारी केंद्रांतील सत्रागणिक मानधन, केंद्रीय विद्यालयांतील वर्षभराच्या करारावरील नेमणूक, परगावच्या माणसांसाठी मोबाइलवरून वर्ग, आणि हिवाळ्यात तारकर्लीपासून गोव्याच्या मांद्रे-हरमलपर्यंतच्या किनाऱ्यावरील पर्यटकांचे वर्ग. शेवटच्या कामात पैसा बरा असला तरी इंग्रजी बोलता यावे लागते आणि हंगाम संपला की हातही रिकामे होतात. विद्यापीठीय अध्यापनाचा मार्गही आहे. योग हा विषय 2017 पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, म्हणजे नेटमध्ये समाविष्ट आहे, त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, आणि जागा थोड्या असतात.

इतक्या अनिश्चिततेत माणसे या कामात का राहतात, याचे उत्तर ज्यांनी महाराष्ट्रात हा व्यवसाय उभा केला त्यांच्याकडे पाहिल्यास मिळते. श्रीयोगेंद्रांनी 1918 साली मुंबईत वर्सोव्याला योगसंस्था काढली, तेव्हा योग हा संन्याशांचा विषय मानला जात होता. तो संसारी माणसाच्या घरात आणणे हेच त्यांचे कार्य. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयात काम करणारे संस्कृतज्ञ. त्यांनी नौली व उड्डियान या क्रियांच्या वेळी शरीराच्या आत नेमके काय होते, हे बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या आणि दाबमापनाच्या साहाय्याने तपासून पाहिले आणि मग 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले. आधी तपासणे आणि मग सांगणे हा क्रम आजच्या शिक्षकाने त्यांच्याकडून घ्यावा. मधुमेह महिनाभरात घालवून देतो, असे फलकावर रंगवणारा त्यांच्या परंपरेतला नव्हे. तिसरे उदाहरण पालकांना अधिक जवळचे वाटेल. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली सहा महिन्यांच्या कामासाठी पुण्यात आले, आरंभीची वर्षे त्यांनी ओढगस्तीत काढली, व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची भेट 1952 मध्ये झाली, त्यांचा योगावरचा ग्रंथ 1966 मध्ये आला आणि स्वतःची संस्था 1975 मध्ये उभी राहिली. पट्टा, लाकडी ठोकळा, दोर, खुर्ची यांचा आधार देऊन आखडलेल्या माणसालाही आसन करता यावे, ही त्यांची मोठी देणगी. कणकवलीत त्यासाठी काथ्याचा दोर, घडी घातलेली घोंगडी आणि जांभ्याची भिंत पुरते.

कामाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न तरीही उरतो, कारण 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला 'योगा शिकवतो' हे उत्तर सोयरिकीच्या बैठकीत अजून तोकडे वाटते. पतंजलीच्या अष्टांगयोगात आसन तिसरे आहे. त्याआधी यम म्हणजे इतरांशी वागण्याची पथ्ये आणि नियम म्हणजे स्वतःची शिस्त येते, आणि नियमांतला पहिला 'शौच', म्हणजे स्वच्छता. कणकवलीजवळ वागदे येथे 1948 साली गोपुरी आश्रम उभारणारे अप्पासाहेब पटवर्धन हे उच्चशिक्षित होते, आणि तरी सफाईचे काम करू द्यावे म्हणून त्यांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात उपोषण केले होते. ज्या तालुक्यात शौच या शब्दाचा अर्थ एका विद्वानाने हातात खराटा घेऊन दाखवला, तेथे योगशिक्षकाच्या प्रतिष्ठेची चिंता करताना पालकांनी गोपुरीपर्यंत एकदा चक्कर मारून यावी.

प्रशिक्षणाचे मार्ग थोडक्यात असे. कैवल्यधामात निवासी प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा योगशिक्षक अभ्यासक्रम नोकरी वा अन्य शिक्षण सांभाळून करता येतो, मात्र जवळचे अभ्यासकेंद्र कोणते हे प्रवेशाआधी पाहावे. ठाण्यात नातेवाईक असणाऱ्यांना घंटाळी मित्र मंडळाचे वर्ग सोयीचे. अय्यंगार पद्धतीत अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली काही वर्षे काढल्याखेरीज प्रमाणपत्र नाही, आणि हा उशीर हाच तिचा गुण समजावा. शासनमान्य पात्रता हवी असल्यास आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची श्रेणीवार परीक्षा असते, तिला लेखी व प्रात्यक्षिक असे दोन भाग आहेत. किनाऱ्यावर महिनाभरात होणारे दोनशे तासांचे कोर्स परदेशी संस्थेच्या नोंदणीसाठी चालतात. त्यांवर घरातले दागिने गहाण ठेवू नयेत. पदवी कोणत्याही विषयाची असो, ती आधी पूर्ण करावी, आणि शक्यतो शरीररचना समजावणारे किंवा मिळकतीचा दुसरा पाय देणारे शिक्षण सोबत असावे.

या व्यवसायातील सुखे लहान असतात आणि ती जाहिरातीत येत नाहीत. गुडघ्यांमुळे दहा वर्षे खुर्चीवर जेवणारी आजी चतुर्थीच्या पंगतीत पाटावर मांडी घालून बसते आणि उठताना कोणाचा हात मागत नाही. भजनात वरच्या पट्टीला दम लागणारा बुवा प्राणायामाचे श्रेय न देता आवाज मोकळा झाल्याचे सांगतो. पाऊस कौलांवर कोसळत असताना वीस माणसे एकाच वेळी श्वास सोडतात आणि क्षणभर पावसाचाच आवाज उरतो. फीऐवजी कोणी शेवग्याच्या शेंगा, कोणी कोकमे, कोणी पहिल्या पेटीतले दोन हापूस आणून देतो. हिशेबाच्या वहीत त्यांची नोंद होत नाही, आणि काही महिने मात्र केवळ शेंगाच येतात, हेही सांगितले पाहिजे.

म्हणून अभ्यासक्रमाचे पैसे भरण्यापूर्वी मुलाने किंवा मुलीने जून ते ऑगस्ट हे तीन महिने गावातल्याच एखाद्या वर्गात शिक्षकाच्या आधी पोहोचावे, सतरंज्या घालाव्यात, वर्ग सुटल्यावर त्या झटकून वाळत टाकाव्यात आणि कोणी आले नाही त्या दिवशीही थांबावे. पालकांनी या काळात मत देऊ नये. पहाटे साडेचारला गजराआधी जाग येते की आईला उठवावे लागते, एवढेच पाहावे.