आधी सांगायचं, ‘अंगावर पाजते’

पोरी, बाळंतपण झालं की सल्ला द्यायला अख्खी गल्ली येते. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, शेक, धुरी, त्यातलं काय करायचं ते तुझी आई बघेल. मी औषधाचं तेवढं सांगते. कळवणला नर्स म्हणून उभा जन्म गेला, तेवढा हक्क माझा.

डॉक्टरांसमोर बसलीस की, मग ते दाताचे का असेनात, आधी म्हणायचं, ‘मी अंगावर पाजते, बाळ इतक्या दिवसांचं आहे.’ मेडिकलवाल्यालाही हेच सांगायचं. दिवस सांगायला विसरायचं नाही. तान्ह्याचं यकृत, मूत्रपिंड अजून कच्चं असतं. दुधातून गेलेलं औषध आठ महिन्यांचं लेकरू बाहेर टाकतं, पंधरा दिवसांच्याच्या अंगात ते साठत जातं. दिवस भरायच्या आत झालेलं असेल तर आणखीच जपायचं.

झोपेच्या गोळ्या सगळ्या सारख्या नसतात. डायझेपामचा अंश आईच्या अंगात कित्येक दिवस रेंगाळतो, म्हणून ‘रात्रीचं पाजून घेतली की झालं’ हा हिशेब तिथे चालत नाही. लेकरू सुस्तावतं, ओढत नाही, वजन धरत नाही. अल्प्राझोलामनेही पेंग येते. गरजच पडली तर डॉक्टर बहुधा लोराझेपामसारखी लवकर उतरणारी गोळी, कमीत कमी मात्रेत, थोडे दिवस देतात. जावेच्या डब्यातली उरलेली गोळी मात्र कधी घ्यायची नाही. यातल्या बऱ्याच गोळ्यांच्या पाकिटावर लाल चौकटीत सूचना असते आणि विकताना दुकानदाराला वहीत नोंद करावी लागते, ते उगाच नाही.

खरी फसगत सर्दी-खोकल्यात होते. क्लोरफेनिरामिनची एखादी गोळी चालून जाते, रोज घेतली तर बाळ पेंगतं आणि दूधही कमी होऊ शकतं. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि दुखण्यावरची ट्रामाडॉल मात्र नकोच. कोडीनचं अंगात मॉर्फिन होतं, काही बायांच्या अंगात फार झपाट्याने. अमेरिकेच्या औषध खात्याने 2017 साली पाजणाऱ्या आयांना या दोन्हींपासून लांब राहायला सांगितलं. अंगदुखीला पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन पुरतं.

हे कांदालागणीच्या दिवसांत जास्त ध्यानात ठेवायचं. कंबर धरली म्हणून बाया किराणा दुकानातून बिननावाची गोळी घेतात आणि बांधावरच्या झोळीत लेकरू गप पडलं की ‘किती गुणाचं’ म्हणतात. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया पोरं झोपून राहावीत म्हणून अफूची बाळगोळी द्यायच्या, 1920 च्या दशकातल्या सरकारी अहवालांत त्याची नोंद आहे. त्या बाया काही दुष्ट नव्हत्या, लेकरू धरायला कोणी नव्हतं. बाळंतपणात घरी बसायला मिळावं म्हणून भत्त्याचा कायदाही मुंबई इलाख्यात 1929 मध्येच आला. आजही कोणी जायफळ जास्त उगाळून चाटव म्हणेल, थेंबभर अफू दे म्हणेल. हात जोडायचे आणि लेकरू आत न्यायचं.

झोपेची गोळी घेतलीस त्या रात्री बाळ तुझ्या कुशीत नको. तुला गाढ झोप लागणार, कूस बदलताना त्याच्यावर पडशील. जवळच, पण वेगळ्या अंथरुणावर ठेव, आणि घरातलं कोणीतरी जागं राहू दे. मोहाची घेतलेला माणूसही त्या अंथरुणात नको.

बाळाकडे बघायचं कसं? दुपट्यातून मोकळं कर, तळपायाला टिचकी मार. कुरकुरलं, तोंड उघडून अंगावर लागलं, गिळल्याचा आवाज आला, तर ठीक. पाच दिवसांनंतर दिवसाकाठी निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. आशाताई घरी येते तेव्हा वजन करून घे आणि गोळीचं नाव तिला दाखव.

आता मनाचं. ओल्या बाळंतिणीला बाळ झोपलं तरी डोळा लागत नसेल, सारखं रडू येत असेल, जीव नकोसा होत असेल, तर ते नखरे नव्हेत, आजार आहे. त्यावर सर्ट्रालिनसारखी औषधं आहेत, ती घेत अंगावर पाजता येतं. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी सासूच्या बोलण्यावरून एकदम बंद करायची नाही आणि पाजणंही तोडायचं नाही. दोन्ही विचारून. 14416 या टेली-मानसच्या नंबरवर फोन फुकट लागतो.

आणि बाळ उठवूनही उठत नसेल, ओढत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळे दिसत असतील, तर धुरी देत बसू नको. 108 ला फोन लाव आणि गोळीचं पाकीट, रिकामं असलं तरी, सोबत ने.