विमानाच्या शेपटीकडून

१. विमानाकडे पुढून बघतात ते कवी, मागून बघतो तो मेंटेनन्सवाला. माझी नोकरी शेपटीखाली मान वर करून उभं राहण्यात गेली. बोइंग ७३७-८००च्या पोटाला मागे टेल स्किड असतो. त्यात आघात झाल्यावर चिरडणारं काडतूस, त्यावर लाल-हिरवी पट्टी. हिरवा दिसला तर ठीक, नुसता लाल उरला तर काडतूस बदला. एवढं शिकून शेवटी रंग ओळखायचे, याचा सुरुवातीला अपमान वाटायचा. चष्मा लागल्यापासून त्या पट्टीबद्दल आदर वाटतो.

२. उडताना शेपटी धावपट्टीला घासली की दोष वैमानिकाच्या हाताचा, असं आम्ही हँगरमध्ये चहा पिता पिता ठरवून टाकायचो. नाक सेकंदाला दोन-तीन अंशांनी उचलायचं, याने झटका दिला असणार! मग मेलबर्नचा अहवाल वाचला. २० मार्च २००९, एमिरेट्सचं ए३४०-५००. वजन ३६२.९ टन, लॅपटॉपमध्ये भरलं गेलं २६२.९. यंत्राने बिचाऱ्याने शंभर टन हलक्या विमानाचा वेग आणि जोर काढून दिला. शेपटी धावपट्टीवर घासत गेली, विमान कसंबसं उडालं आणि सुखरूप परतलं. तेव्हापासून कुठल्याही फॉर्मातला पहिला आकडा मी बोट ठेवून वाचतो. घरी यावर हसतात.

३. संगणकही आता राखण करतो. ७७७-३००ईआरमध्ये शेपटी जमिनीजवळ येऊ लागली की सॉफ्टवेअर नाक उचलणारा एलिव्हेटर थोडा सैल सोडतं. काही एअरबस उतरताना ‘पिच, पिच’ असं ओरडतात. तरीही घासायची ती घासतेच.

४. सगळ्यात उशिरा कळलं ते हे, की घासल्याच्या दिवशी बहुधा कुणाला काहीच होत नाही. जपान एअरलाइन्सच्या ७४७ची शेपटी जून १९७८मध्ये ओसाकाला आपटली. बोइंगच्या माणसांनी मागचा प्रेशर बल्कहेड, म्हणजे केबिनचा दाब अडवणारी भिंत, दुरुस्त केला, पण जोडपट्टी अखंड न बसवता तुकड्यांत बसवली. रिव्हेटच्या दोन ओळींनी पेलायचा भार एकीवर आला. त्या ओळीने सात वर्षं तो पेलला. १२ ऑगस्ट १९८५ला बल्कहेड फुटला, ५२० माणसं गेली. चायना एअरलाइन्सच्या ७४७ने तर १९८०च्या घासण्यानंतर २२ वर्षं काढली. दुरुस्तीच्या ठिगळाखालच्या ओरखड्यांतून तडे वाढत राहिले आणि २००२मध्ये ते तैवानच्या सामुद्रधुनीवर तुटलं. २२५ जण होते. ठिगळ बाहेरून नीटनेटकं दिसलं की आम्ही माना डोलवतो. माझी मान मी आवरायला शिकलो, पूर्ण जमलं असं नाही. जुन्या विमानाचं लॉगबुक मात्र उलट्या बाजूने, जुन्या पानांपासून वाचतो.

५. पुढे कॉकपिटमध्ये कित्येकदा काही जाणवतच नाही. धक्का आणि खरडण्याचा आवाज मागच्या गॅलीत बसलेल्या मुलीला कळतो, आणि तिने फोन केला तरच कॅप्टन केबिनचा दाब न चढवता परत फिरण्याचा विचार करतो. म्हणून शंका असलेलं विमान आलं की मी सेन्सरचा संदेश नंतर बघतो. मागच्या दाराने चढून आधी तिला विचारतो, आवाज कसा होता.