पाणी कोठवर चढलें?

वादळ ओसरलें म्हणजे हानीची मोजदाद सुरू होते. घरें किती पडलीं, गुरें किती वाहून गेलीं, माणसें किती दगावलीं, यांची यादी तयार होते. आणि यादी पुरी झाली कीं काम संपलें, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें खरी मोजदाद तेथून पुढें सुरू होते. हें विद्यार्थ्यांच्या ध्यानांत यावें म्हणून अमेरिकेंतील गॅल्व्हेस्टन शहराची हकीकत आम्ही येथें देत आहों.

टेक्सस राज्याच्या किनाऱ्यालगत एका लांबट, सपाट वाळूच्या बेटावर हें शहर वसलें आहे. १९०० सालीं तेथील अगदीं उंच जागाही समुद्रसपाटीपासून नऊ फुटांहून कमी होती. त्याच किनाऱ्यावरील इंडियनोला बंदर १८७५ व १८८६ च्या चक्रीवादळांनीं उद्ध्वस्त झालें, तेव्हां आपणही तटाची भिंत बांधावी अशी सूचना गॅल्व्हेस्टनमध्यें निघाली. पण ती तशीच राहिली. हवामान खात्याचे तेथील अधिकारी आयझॅक क्लाइन यांनीं तर १८९१ सालीं असें लिहिलें कीं, वादळानें या शहराची मोठी हानि होईल ही समजूत निव्वळ भ्रम होय.

८ सप्टेंबर १९०० रोजीं समुद्र पंधरा फुटांहून अधिक चढला. साडेतीन हजारांवर घरें नाहींशीं झालीं. मृतांची नक्की गणती कधींच झाली नाहीं; सहा हजारांहून तो आंकडा कमी नसावा. क्लाइन यांची पत्नीही त्यांत होती. किनाऱ्यावरील सेंट मेरी अनाथाश्रमांतील धर्मभगिनींनीं कपडे वाळत घालण्याच्या दोरीनें मुलांना आपल्या अंगाशीं बांधून घेतलें. दहा भगिनी व नव्वद मुलें बुडालीं. तीन मुलगे एका झाडाच्या आधारानें वांचले.

मागें राहिलेल्या लोकांनीं रडून झाल्यावर पाणी मोजलें. तें पंधरा फुटांवर चढलें होतें, म्हणून तीन इंजिनियरांच्या मंडळानें सतरा फूट उंचीची भिंत सुचविली. ती तळाशीं सोळा फूट रुंद, माथ्याशीं पांच फूट. समुद्राकडील अंग अंतर्वक्र, म्हणजे आदळलेली लाट वर उसळून मागें फिरावी. १९०२ ते १९०४ या अवधींत तीन मैलांहून अधिक भिंत उभी राहिली. पुढें जमीनही उंच केली. सुमारें दोन हजार इमारती स्क्रूच्या जॅकांवर उचलून त्यांखालीं समुद्रांतून उपसलेली वाळू भरली. तीन हजार टनांचें सेंट पॅट्रिक चर्चही पांच फूट वर उचललें गेलें. आपलें घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्यानें सोसला, आणि कित्येक वर्षें लोक लाकडी फळ्यांच्या उंच वाटांवरून ये-जा करीत राहिले.

१९१५ च्या ऑगस्टांत तसेंच प्रचंड वादळ आलें. भिंतीमागील शहरांत फार थोडे लोक दगावले. श्रम सार्थकीं लागले, असें कोणीही म्हणेल. परंतु भरावाचा उतार समुद्राकडून मागील खाडीकडे होता. १३ सप्टेंबर २००८ रोजीं आइक वादळ आलें, तेव्हां पाणी त्या मागच्या सखल बाजूनेंच शहरांत शिरलें. एका मोजमापानें सर्व प्रश्न सुटत नाहींत. पाणी किती आलें याबरोबर कोणीकडून आलें, हेंही दर वेळीं पाहावें लागतें.

आपल्या कोंकणांतही ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळानें रायगडच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. यादींत पडलेलें झाड एक आंकडा असतें. पण नवें रोप फळास येईपर्यंत लोटणारीं वर्षें त्या आंकड्यांत दिसत नाहींत. तीं ज्या घरास काढावीं लागतात, त्या घराची हानि त्या वर्षांसह मोजली पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, या सुट्टींत घरच्या वडील माणसांस विचारा: आपल्या गांवीं पाणी कोठवर चढलें होतें? कोणत्या बाजूनें आलें? सूचना कोणास मिळाली, कोणास मिळाली नाहीं? उत्तरें वहींत तारखेसह लिहून ठेवा, आणि पालकांनीं भिंतीवर त्या उंचीची खूण करूं द्यावी. क्लाइन विद्वान होते, तरी इंडियनोलाची खूण त्यांनीं वाचली नाहीं. आपण आपल्या गांवची तरी वाचावी.