जर्मनचा टोप आणि चांदीचा कागद



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. वसतिगृहात रात्री चिंच घातलेली आमटी उरली. स्वयंपाकाच्या मावशींनी ती त्याच जर्मनच्या टोपात झाकून ठेवली. सकाळी झाकण काढले तर आमटीला धातूसारखी चव आली होती, म्हणून आम्ही ती ओतून दिली. टोप मात्र आतून आमटीच्या रेषेपर्यंत नव्यासारखा चकचकीत झाला होता. रेषेच्या वर जुना काळपट थर तसाच होता. मावशींना बरे वाटले. "घासायचं काम वाचलं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी भांड्यांची पाळी असलेल्या सातवीतल्या एका मुलीने टोपात डोकावून मला विचारले, "बाई, मग ते काळं गेलं कुठं?"

मी अनेक वर्षे विज्ञान शिकवले. फळ्यावर धातूंचे गुणधर्म कितीदा लिहिले याची गणती नाही. पण ज्या भांड्यात रोज आपला भात शिजतो त्याविषयी हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ते काळे आमटीत गेले होते. त्या दिवशी आमटी फेकली, पण यापूर्वी कितीदा तरी आम्ही ती खाल्ली असेल! मी तिला म्हटले, "शनिवारी सांगते." मग तीन शनिवार आम्ही सर्वांनी मिळून या धातूचा अभ्यास केला. तोच धडा आज आपणापुढे ठेवत आहे.

सोन्याच्या मानाचा धातू

आपण ज्याला 'जर्मन' म्हणतो तो म्हणजे ॲल्युमिनियम. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ८ टक्के ॲल्युमिनियम आहे. कवचात इतका विपुल दुसरा धातू नाही, लोखंडदेखील नाही. असे असूनही दोनशे वर्षांपूर्वी तो कोणाच्या घरात नव्हता. कारण तो मातीत मोकळा सापडत नाही. ऑक्सिजनशी घट्ट बांधलेला असतो. १८२५ मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने तो प्रथम वेगळा केला. त्यानंतर कित्येक वर्षे तो मौल्यवान धातूंमध्ये मोजला जाई. १८८४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर वीजरोधक म्हणून बसवला तो ॲल्युमिनियमचाच लहानसा कळस.

१८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, विजेच्या साहाय्याने हा धातू काढण्याची एकच रीत शोधली. दोघेही तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे होते. त्या रीतीने भाव कोसळला आणि राजेरजवाड्यांचा धातू गरिबाच्या चुलीवर आला. आजही जगभर याच रीतीने तो काढतात.

चार गुण

पहिला गुण हलकेपणा. एवढ्याच आकाराच्या लोखंडाच्या तुलनेत ॲल्युमिनियमचे वजन साधारण एक तृतीयांश भरते. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाईला या गुणाची किंमत सांगावी लागत नाही.

दुसरा गुण उष्णता पसरवण्याचा. या कामी तो स्टीलच्या दहा पटींहून अधिक सरस आहे. म्हणून जर्मनच्या टोपात भात सगळीकडे सारखा शिजतो आणि स्टीलच्या पातळ टोपात मधोमध करपतो. ज्या घरात लाकूडफाटा डोक्यावरून आणावा लागतो तिथे हा गुण मोठाच.

तिसरा गुण, वीज वाहून नेण्याचा. डोंगरावरून जाणाऱ्या विजेच्या मोठ्या तारा बहुतेक ॲल्युमिनियमच्याच असतात. तांबे त्याहून चांगले वाहक आहे, पण जड आणि महाग.

चौथा गुण असा की तो लोखंडासारखा गंजून झडत नाही. हवा लागताक्षणी त्याच्यावर ऑक्साइडची एक पारदर्शक साय धरते. ही साय मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाइतकीच जाड असते. पण ती अंगाला घट्ट चिकटून राहते आणि आतल्या धातूला राखते. खरवडली तरी लगेच नवी धरते.

आता दोषाकडे वळू. ही साय आंबटापुढे टिकत नाही, तशीच ती सोड्यापुढेही टिकत नाही. मीठही तिला ठिकठिकाणी भोके पाडते. चिंच, कोकम, लिंबू, टोमॅटो, ताक, आंबील यांपैकी काहीही तासन्‌तास टोपात राहिले की साय विरघळते आणि तिच्या मागोमाग थोडा धातूही पदार्थात उतरतो. साधे पाणी पुष्कळ वेळ उकळले की पाण्यातील क्षारांमुळे टोप आतून काळवंडतो. तो काळा थर अपायकारक नाही, पण आंबटाने तोही निघून येतो. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. टोप चकचकीत झाला म्हणजे तो स्वच्छ झाला असे नव्हे. त्याचा थर आमटीने घेतला.

काळेपणा घालवायचाच असेल तर टोपात चिंचेचे पाणी उकळावे आणि ते ओतून द्यावे. धुण्याच्या सोड्याने मात्र जर्मनचे भांडे कधी घासू नये.

मग हे विष आहे काय?

हा प्रश्न मुलांनी दुसऱ्याच शनिवारी विचारला. उत्तर सरळ देते. नाही. ॲल्युमिनियम मातीतून, पाण्यातून, भाजीपाल्यातून थोडे थोडे रोजच आपल्या पोटात जाते. त्यातील एक टक्क्याहूनही कमी अंगात शोषले जाते आणि तेही निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात. भात, डाळ, भाकरीचे पीठ, दूध यांसाठी हे भांडे वापरायला हरकत नाही. या भांड्यांमुळे विस्मरणाचा आजार होतो असे अनेक जण सांगतात. तसे सिद्ध झालेले नाही.

तरी मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये ती ठरवली. आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम. म्हणजे मूल जितके लहान तितकी त्याची मर्यादा कमी. ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत त्यांच्या अंगात हा धातू साठतो. त्यांनी विशेष जपावे.

खरी काळजी घ्यावी ती भंगार वितळवून ओतलेल्या, छाप नसलेल्या भांड्यांची. भंगारात काय काय मिसळलेले असेल याचा नेम नसतो. अशा ओतीव भांड्यांतून शिसे अन्नात उतरल्याचे काही देशांतील तपासण्यांत आढळले आहे. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते, आणि त्याचा काही लाभ नाही. तेव्हा भांडे घेताना आयएसआय छाप पाहावा.

चांदीचा कागद

तिसरा शनिवार मुलांचा सर्वांत आवडता ठरला, कारण त्या दिवशी आम्ही 'चांदीचा कागद' हातात घेतला. नाताळच्या जेवणाला पाहुण्यांनी आणलेली बिर्याणी फॉइलच्या डब्यांतून आली होती. डबे मुलांनी धुऊन ठेवलेच होते. घरगुती फॉइलचा गुंडाळाही एकाने आणला.

फॉइल म्हणजे दुसरे काही नाही, तोच जर्मन. लोखंडी रुळांमधून पुन्हा पुन्हा दाबून त्याचा पत्रा मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाइतका पातळ करतात. केसाहूनही कितीतरी पातळ! १९१० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हा उद्योग सुरू झाला आणि लवकरच चॉकलेटे त्यात गुंडाळली जाऊ लागली.

"बाई, एक बाजू चमकते आणि दुसरी का नाही?" एका मुलाने विचारले. फॉइल इतकी पातळ असते की शेवटच्या फेरीत एकटी रुळात घातली तर फाटते. म्हणून दोन पदर एकत्र घालतात. जी बाजू गुळगुळीत रुळाला लागते ती चमकते; जी दुसऱ्या पदराला लागते ती मंद राहते. अन्न कोणत्याही बाजूने गुंडाळले तरी फरक पडत नाही.

फॉइलमधून उजेड, हवा आणि ओल आरपार जात नाहीत. म्हणूनच गोळ्यांची पाकिटे आणि जलसंजीवनीच्या पुड्या यांत फॉइलचा पदर असतो. ज्या पाड्यावर पावसात चार महिने सगळेच दमट होते तिथे ती पुडी कोरडी राहते ती या पातळ पदरामुळे. तिला भोक पडलेले दिसले, आतील पूड गोळा झालेली असली, तर ती वापरू नये.

एक प्रयोग घरी करून पाहा. स्टीलच्या भांड्यात चिंचेची, खारट आमटी काठोकाठ भरा आणि वर फॉइल अशी लावा की ती आमटीला टेकेल. सकाळी फॉइलला बारीक भोके दिसतील. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट-आंबट रस, की झाली लहानशी बॅटरी! त्यात झिजते ती फॉइल, आणि झिजलेले उतरते आमटीत. ती आमटी खाऊ नये. लोणचे, चिंचेची चटणी, लिंबू पिळलेली भाजी फॉइलमध्ये बांधू नये. भाकरी-चपाती खुशाल बांधावी. मायक्रोवेव्हमध्ये फॉइल घालू नये, ठिणग्या उडतात.

डोंगराची किंमत

शेवटी मी मुलांना विचारले, "हा टोप आला कुठून?" कोणी म्हणाले बाजारातून, कोणी म्हणाले कारखान्यातून. खरे तर तो डोंगरमाथ्यावरून आला. ॲल्युमिनियमचे खनिज म्हणजे बॉक्साइट. आपल्याकडे ते कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांत आहे. देशातील सर्वांत मोठा साठा ओडिशात आहे, आणि तेथील बॉक्साइटचे डोंगर बहुतांशी आदिवासी मुलखातले. तेथील नियमगिरी हा डोंगर डोंगरिया कोंध लोक आपला देव मानतात. तेथे बॉक्साइटची खाण व्हावी की नाही याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये ग्रामसभांकडे सोपवला आणि त्याच वर्षी बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला.

एक किलो धातूसाठी चार-पाच किलो बॉक्साइट खोदावे लागते आणि सुमारे १४ युनिट वीज लागते. तोच धातू भंगारातून पुन्हा वितळवला तर सुमारे ५ टक्केच ऊर्जा पुरते, आणि धातूचा गुण कमी होत नाही. म्हणून फुटका टोप आणि धुतलेली फॉइल उकिरड्यावर टाकू नये, भंगारवाल्याला द्यावी. फॉइलचे तुकडे सुटे देऊ नयेत, मोठा गोळा करून द्यावा. कागद फॉइलचा आहे की चमकदार प्लॅस्टिकचा हे ओळखण्याची खूण सोपी आहे. मुठीत चुरगाळून सोडा. फॉइल चुरगळलेलीच राहते. वेफर्सचे पाकीट पुन्हा उलगडते.

लक्षात ठेवू या

१. जर्मनच्या भांड्यात शिजवावे, पण आंबट-खारट साठवू नये. शिजले की स्टीलच्या, काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात काढावे.
२. तारेच्या घासणीने आणि सोड्याने घासू नये.
३. भोके पडलेले, खोल चरे गेलेले भांडे भंगारात द्यावे.
४. वसतिगृहाला किंवा पाड्यावर भांडी भेट देताना आयएसआय छापाची द्यावीत. टोपांसोबत झाकणाचे दोन स्टीलचे डबे दिले तर अधिक उपयोग होईल.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ती सातवीतली मुलगी माझ्याकडे आली. तिच्या घरी एकच मोठा टोप आहे. नागलीची आंबील रात्रभर त्यातच मुरते आणि सकाळी सगळे तीच पिऊन शेतावर जातात. "बाई, आईला काय सांगू? टोप टाकून दे म्हणू?"

मला क्षणभर बोलवेना. एवढे सगळे शिकवून झाले, पण ज्या घरात दुसरे भांडे नाही त्या घराला आपण काय सांगणार? मी म्हटले, "टोप टाकू नकोस. आंबील तेवढी मडक्यात ठेवा."

सुट्टीनंतर ती परत आली ती हसतच. आईने आठवड्याच्या बाजारातून मडके आणले होते. आजी म्हणाली होती, "आम्ही पहिल्यापासून मडक्यातच ठेवत होतो. हा टोप आला नि सोडलं."